भीती, चिंता आणि ताण: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळजी तर सगळ्यांनाच असते. मग तिला आजार कधी म्हणायचं?

फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते. उडणारच, माल काढणीला आलेला असतो आणि डोक्यावर कर्ज असतं. तो उठतो, फवारणीची तयारी करतो, व्यापाऱ्याला फोन लावतो आणि आभाळ निवळलं की दोन दिवसांत पुन्हा माणसात येतो. ही काळजी त्याच्या कामाची आहे. तिला उपचार नको.

चिंता विकारात काळजीचे विषय बदलत राहतात, काळजी हटत नाही. बाग निघाली की मुलीची परीक्षा, ती संपली की स्वतःची तब्येत, तीही बरी निघाली की 'आज सगळं नीट आहे म्हणजे उद्या काहीतरी होणार'. असं सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस चालू असेल, ठरवूनही थांबवता येत नसेल आणि सोबत अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांतली किमान तीन लक्षणं असतील, तर डॉक्टर त्याला सर्वसाधारण चिंता विकार म्हणतात.

लक्षणं मोजण्याआधी आम्ही मात्र एक प्रश्न विचारतो: या भीतीपायी तुम्ही काय काय करायचं सोडलंत? गाडी चालवणं, लग्नाकार्याला जाणं, एकट्याने बाजार करणं, नोकरीतली बढती. ही यादी लांबत चालली असेल तर वाट बघू नका. भीती किती तीव्र आहे याहून ती यादी जास्त खरं सांगते.

अचानक छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता जीव जाणार असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात, 'काही नाही'. मग हे काय आहे?

'काही नाही' हे उत्तर चुकीचं आहे. हृदयात काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हाला जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि त्यातलं प्रत्येक लक्षण शरीरात खरोखर घडतं.

मेंदूत अमिग्डाला नावाचा छोटा भाग आहे. धोका ओळखून शरीराला पळायला किंवा लढायला तयार करणं हे त्याचं काम. पॅनिकमध्ये तो समोर धोका नसताना इशारा देतो. अॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात आणि घाम फुटतो. श्वास जलद होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. त्यातून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर, डोकं हलकं होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं. गंमत अशी, की श्वास पुरत नाही असं वाटत असतं तेव्हा ऑक्सिजन पुरेसा असतो, उलट श्वास जास्त होत असतो. झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो.

एखादा झटका येणं म्हणजे पॅनिक विकार नव्हे. झटके पुन्हा पुन्हा, अवचित येऊ लागले आणि 'परत येईल' या धास्तीत महिनाभर किंवा जास्त काळ गेला, किंवा त्या धास्तीने दिनक्रम बदलला, तर तो विकार.

पहिल्या वेळी तपासणी टाळू नका. ईसीजीबरोबर थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर बघून घ्यावी. थायरॉइड वाढलं की हुबेहूब असंच होतं. दम्याचा सॅल्ब्युटामॉल इनहेलर, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड यांनीही धडधड होते, म्हणून चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. छातीतली कळ जिना चढताना येत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात जात असेल, वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह-बीपी असेल, तर 'टेन्शन असेल' असं घरीच ठरवू नका. १०८ ला फोन करा. पण दोन-तीनदा नीट तपासणी होऊन हृदय ठणठणीत निघालं असेल, तर दर महिन्याला नवा हृदयरोगतज्ज्ञ गाठणं थांबवा. त्या प्रत्येक रिपोर्टने मिळणारा दिलासा चार दिवस टिकतो आणि शंका आणखी घट्ट करून जातो.

झटका आला त्या क्षणी काय करायचं?

आहात तिथेच थांबा. गाडी चालवत असाल तर कडेला घ्या. मनात म्हणा: हा पॅनिक आहे, चढेल आणि उतरेल. मग नाकाने साधारण ४ सेकंद श्वास घ्या आणि ६ सेकंदांत सावकाश सोडा. खोल श्वास घेऊ नका; सगळे इथेच चुकतात. छाती भरभरून श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि मुंग्या वाढतात. श्वास लहान, सोडणं लांब, मिनिटाला सहाच्या आसपास, पाच मिनिटं.

तोंडाला कागदी पिशवी लावू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर तिने जीवावर बेतू शकतं.

सोबतच्यांनी हात चोळत 'घाबरू नकोस' म्हणत दहा जण गोळा करू नयेत. एकाने शेजारी बसावं, आवाज खाली ठेवावा, सावकाश आकडे मोजून द्यावेत. एवढं पुरतं.

साधी भीती आणि फोबिया यांत फरक कसा करायचा? आमच्या मळ्याकडे बिबट्या येतो, त्याचीही भीती वाटते.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला अंधार पडल्यावर बिबट्याची धास्ती वाटणं ही समज आहे. तिथे टॉर्च, सोबत आणि वनविभागाला कळवणं हा उपाय. कॉलेज रोडच्या चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस पालीच्या धास्तीने स्वतःच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, रात्री पाणी प्यायला उठत नाही, आणि पाल काही करत नाही हे त्याला पुरतं ठाऊक असतं: हा फोबिया. भीती धोक्याच्या मानाने फार मोठी, दरवेळी हमखास येणारी, सहा महिन्यांपेक्षा जुनी आणि आयुष्यात अडथळा आणणारी. 'अक्कल असून घाबरतोस कसा?' हे विचारून उपयोग नाही. अकलेचा भाग आणि इशारा देणारा भाग वेगळे आहेत. दुसरा पहिल्याचं ऐकून शिकत नाही, अनुभवाने शिकतो.

प्राणी, वीज-गडगडाट यांचे फोबिया बहुधा लहानपणी सुरू होतात. बंद जागा, विमान यांचे बऱ्याचदा त्याहून उशिरा. चार लोकांत बोलताना, जेवताना, सही करताना लोक आपल्याला जोखतील या भीतीला सामाजिक चिंता विकार म्हणतात. तो किशोरवयात सुरू होतो आणि 'लाजाळू आहे' म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो. गर्दी, बस, पूल, रांग, एकट्याने बाहेर पडणं, जिथे झटका आला तर सुटता येणार नाही असं वाटतं अशा जागांची भीती म्हणजे अॅगोराफोबिया. ती बऱ्याचदा पॅनिकच्या मागोमाग येते.

इंजेक्शन, रक्त बघितलं की मी चक्कर येऊन पडतो. हाही फोबियाच का?

हो, पण त्याची तऱ्हा उलटी आहे. बाकी फोबियांत बीपी वाढतं. इथे आधी थोडं वाढून मग धाडकन खाली येतं, ठोके मंदावतात आणि माणूस कोसळतो. म्हणून इथे अंग सैल सोडण्याचे व्यायाम करू नका, त्यांनी बीपी आणखी उतरतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांची पद्धत अशी: दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर गरमी जाणवेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचं, पूर्ण ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. आठवडाभर घरी रोज सराव केला की रक्त तपासायला जाताना वापरता येतं. सुई ज्या हाताला टोचणार तो हात मात्र सैल ठेवा. आणि लॅबमध्ये आधीच सांगा, 'मला चक्कर येते, झोपवून घ्या.' यात लाजण्यासारखं काही नाही.

जे जमत नाही ते टाळलं तर काय बिघडतं?

टाळल्यावर जो सुटकेचा श्वास येतो, तोच भीतीचा पगार आहे. बसमधून मध्येच उतरलात, धडधड थांबली. मेंदूने नोंद केली, 'उतरलो म्हणून वाचलो.' उतरला नसतात तरी ती थांबलीच असती, हे त्याला कधी कळतच नाही. पुढच्या वेळी भीती स्टॉपवरच सुरू होते, मग घरातून निघताना, मग आदल्या रात्री.

यावर सगळ्यांत भक्कम पुरावा असलेला उपचार म्हणजे वर्तनोपचारातलं एक्स्पोजर: भीतीच्या गोष्टीकडे ठरवून, पायरीपायरीने जाणं. सिडकोत राहणाऱ्या आणि झटका आल्यापासून सिटीलिंकच्या बसमध्ये पाय न ठेवलेल्या बाईंचा जिना असा मांडता येईल. प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये भीतीचे गुण द्यायचे.

स्टॉपवर वीस मिनिटं उभं राहून बसमध्ये न चढता गाड्या बघणं: ३०. दुपारच्या रिकाम्या बसने घरच्यासोबत एक स्टॉप: ४५. तेवढंच एकटीने: ५५. एकटीने सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानक), खिडकीजवळ बसून: ७०. संध्याकाळच्या गर्दीत उभं राहून: ८५. तेच, पर्समधली 'वेळ आलीच तर' म्हणून ठेवलेली गोळी आणि पाण्याची बाटली घरी ठेवून: ९५.

सुरुवात ३० ते ४० गुणांच्या पायरीने करा. आठवड्यातून चार-पाच दिवस, जमेल तर रोज, तीच पायरी. निघण्यापूर्वी एका ओळीत लिहा: 'मला काय होईल असं वाटतंय?' परतल्यावर लिहा: 'प्रत्यक्षात काय झालं?' पायरी सवयीची झाली की वरची घ्या.

फसतं कुठे ते सांगतो. पहिलं, भीती शिखरावर असताना उतरणं. एवढ्याने आठवड्याची मेहनत वाया जाऊ शकते. उतरावंच वाटलं तर पुढच्या स्टॉपपर्यंत थांबा आणि तिथे पुन्हा ठरवा. दुसरं, मोबाइलमध्ये डोकं खुपसून प्रवास उरकणं: शरीर बसमध्ये, मन बाहेर, शिकवण शून्य. तिसरं, पंधरा दिवसांतून एकदा मोठी उडी. आणि चौथं, घरच्यांचं प्रेम. 'नाही जमत तर राहू दे गं, मी आणतो भाजी,' असं नवरा रोज म्हणत असेल तर जिना तिथेच थांबतो. सोबत जा, पण तिचं काम तिच्याकडून काढून घेऊ नका.

तीव्र पॅनिक, गरोदरपण, हृदयविकार, फिट्स किंवा जुना मानसिक आघात असेल तर हे स्वतःच्या जबाबदारीवर करू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली करा. पूर्ण सीबीटीला (विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारा मानसोपचार) साधारण १२ ते १६ सेशन लागतात. एकाच गोष्टीच्या फोबियाला पुष्कळदा याहून खूप कमी पुरतात.

सिंहस्थाच्या गर्दीत जायची हिंमत होत नाही. तीही पायरी घ्यायची का?

नाही. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाची गर्दी टाळणं हा शहाणपणा आहे. एरवीच्या बुधवारी रविवार कारंजा, मेन रोड, पंचवटीचा बाजार फिरता येणं हे ध्येय ठेवा.

टेन्शनमुळे मानसिक आजार होतो का? की तो रक्तातच असतो?

दोन्ही मिळून. चिंता विकारांत आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने ३० ते ५० टक्के धरला जातो. उरलेलं बालपणीचे आघात, स्वभाव, आजारपण आणि आयुष्यातला ताण यांतून येतं. म्हणून एकाच कारखान्यात एकाच दिवशी नोकरी गेलेल्या दोघांपैकी एक महिन्याभरात सावरतो आणि दुसरा अंथरूण सोडत नाही. दुसरा कमकुवत मनाचा आहे, असा त्याचा अर्थ काढू नये.

थोड्या वेळाचा ताण शरीर पेलतं. मेंदूतून अॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो, कॉर्टिसॉल सुटतं, काम झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असा संदेश देतं आणि यंत्रणा शांत होते. ताण महिनोनमहिने चालू राहिला की हे थांबवणं ढिलं पडतं. इशारा देणारा अमिग्डाला जास्त हळवा होतो आणि त्याला आवर घालणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाची पकड सैल होते. मग कुकरची शिट्टी झाली तरी अंग दचकतं.

यात झोप हा दुवा सगळ्यांत दुर्लक्षित आहे. सातपूर-अंबडला दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराची झोप चार-पाच तासांवर येते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी चिंता वाढते, चिंतेने रात्रीची झोप आणखी उडते. पाळी बदलणं हातात नसेल तर निदान हे करा: रात्रपाळीहून येताना गॉगल लावा, खोली काळोखी ठेवा, शेवटचा चहा पाळी संपायच्या सहा तास आधी घ्या, आणि झोपेचे सलग चार तास तरी रोज त्याच वेळेचे राहतील असं बघा.

ताणातून होणारे आजारही एकसारखे नसतात. नोकरी जाणं, घटस्फोट, बदली अशा बदलानंतर तीन महिन्यांच्या आत उमटणारा आणि बदलाचे परिणाम ओसरल्यावर सहा महिन्यांत निवळणारा त्रास म्हणजे समायोजन विकार. अपघात, हल्ला, जीवावरचा प्रसंग यांनंतर प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणं, दचकणं, बधिरपणा हे पहिल्या महिन्यात असेल तर तीव्र ताण विकार. महिन्यापुढे गेलं तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताण विकार. आणि वर्षानुवर्षं उपचाराविना राहिलेली चिंता पुष्कळदा नैराश्यात उतरते. पुढे स्वतःहून दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घेतला जातो. म्हणून आम्ही 'अजून थोडं बघू' याला इतका विरोध करतो.

त्र्यंबकेश्वरला शांती करून घेतली, तरी त्रास आहे. पुन्हा करावी का?

श्रद्धेने केलेल्या पूजेने मनाला उभारी येते, ती नाकारायचं कारण नाही. पूजा करा आणि उपचारही करा. त्रास उरला म्हणून विधीत चूक झाली असं मानू नका, त्यासाठी कर्ज काढू नका आणि पूजेनंतर चालू गोळ्या सोडू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असं काही करत असेल तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेने पॅनिक जाईल का?

झटके जोरात चालू असताना जाऊ नका. दिवसभर मौन आणि शरीरातल्या संवेदनांकडे लक्ष. पॅनिकचा रुग्ण नेमका त्याच संवेदनांना भ्यालेला असतो. आधी उपचाराने स्थिर व्हा. अर्जात मानसिक आजार आणि औषधं यांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. शिबिरासाठी गोळ्या परस्पर बंद करू नका.

मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते ना?

दोन गट आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या एसएसआरआय गोळ्यांची नशा किंवा व्यसन लागत नाही. सुरुवात कमी डोसने होते. पहिले आठ-पंधरा दिवस मळमळ, डोकेदुखी, कधी चिंता उलट वाढल्यासारखी वाटते, आणि नेमकी याच टप्प्यात बरीच माणसं गोळी सोडून देतात. फरक दोन ते चार आठवड्यांत कळू लागतो, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त वेळ लागतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते आणि बंद करताना डोस हळूहळू उतरवावा लागतो. एकदम सोडली तर चक्कर, विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड होते. पंचविशीच्या आतल्या रुग्णाच्या मनात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढतायत का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवावं.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची सवय लागते. त्यांनी वीस-तीस मिनिटांत बरं वाटतं, तिथेच फसगत होते. दोन ते चार आठवड्यांच्या आधारासाठी त्या ठीक. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. वर्षभर घेत असाल तर एका रात्रीत बंद करू नका, फिट येऊ शकते. स्टेजच्या भीतीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाने घेऊ नये.

चहा आणि दारू?

पॅनिक असलेल्याने चहा-कॉफी दोन कपांवर आणून दोन आठवडे फरक बघावा. कॅफीनने थेट झटका येऊ शकतो. रात्रीच्या दोन पेगने झोप लागते, पण उतरताना पहाटे तीन-चारला जाग येते आणि धडधड सुरू होते. रोज पिणाऱ्याने मात्र दारूही अचानक सोडू नये, डॉक्टरांना सांगून सोडावी.

मुलाचं पोट दर सोमवारी सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही. नाटक करतोय का?

दुखतं ते खरं दुखतं. चिंतेने आतड्यांची हालचाल बदलते. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, शाळेत कुणी त्रास देतंय का, वाचता येत नाहीये का, हे विचारा. मग शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करा, पहिले काही दिवस दोनच तास का होईना. घरी राहिला तर टीव्ही-मोबाइल बंद. महिनाभर घरी राहिलेल्या मुलाला परत नेणं कितीतरी पटींनी कठीण जातं.

नाशिकमध्ये जायचं कुठे? ठाण्याच्या मनोरुग्णालयात तर नाही ना पाठवणार?

चिंता आणि फोबियाचे जवळजवळ सगळे रुग्ण ओपीडीतच बरे होतात. त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात आणि आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मराठीतून मोफत चालते. मरणाचे विचार येत असतील तर सकाळची वाट न बघता हाच नंबर लावा, माणसाला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं कुलपात घाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसीत ओपीडीचा खर्च येतो का ते मात्र वाचून घ्या.

पहिल्या भेटीला काय न्यावं?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसकट. मागच्या वर्षभरातले ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट. आठवड्याभराची वही: झटका कधी आला, कुठे, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं, किती तास झोपलात. जमलं तर जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी भरून न्या. गुण ० ते २१ मध्ये येतात, १० किंवा जास्त असतील तर सविस्तर तपासणी हवी. आणि वर सांगितलेली ती यादी, काय काय करायचं सोडलंत त्याची. घरच्या एकाला सोबत घ्या, पण पहिली दहा मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं आहे असं सांगा.